सुई, ताट आणि पाऊल

मधुमेह झाला की ‘रोज चाला, व्यायाम करा’ हा सल्ला चारी बाजूंनी मिळतो. डॉक्टर देतात, शेजारी देतात, लग्नात भेटलेले पाहुणेही देतात. पथ्यावर किंवा साध्या गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना तेवढं सांगणं पुरतं. इन्सुलिन घेणाऱ्याला मात्र ते पुरत नाही. निघण्यापूर्वी काय खायचं, त्या दिवशी किती युनिट घ्यायची, वाटेत शुगर उतरली तर काय करायचं, संध्याकाळी खेळून आल्यावर रात्री झोपताना काय बघायचं, हे त्याला कुणीतरी शेजारी बसवून शिकवावं लागतं. आपल्याकडे ते फारसं शिकवलं जात नाही. दवाखान्यात गर्दी असते. चिठ्ठीवर ‘सकाळी १६, रात्री १०’ असे आकडे पडतात आणि माणूस ते वर्षानुवर्षं तसेच टोचत राहतो. मग एखाद्या दिवशी तो गड चढायला जातो, मुलीच्या लग्नात दिवसभर पळापळ करतो किंवा पेरणीला रानात उतरतो, आणि रोजच्याच डोसाने त्याला घेरी येते.

त्यानंतर घरात जे होतं ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मुलाला मैदानावर एकदा चक्कर आली की आई त्याचा खेळ बंद करते. शाळेतून निरोप येतो की याला पीटीच्या तासाला बसवून ठेवू. आजोबा सकाळचं फिरणं सोडतात. जे लोक काम सोडू शकत नाहीत ते इन्सुलिन सोडतात किंवा मनाने अर्धं करतात. घाबरण्यासारखं घडलेलं असतं, म्हणून माणसं घाबरतात. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांना जे कुणी सांगितलं नाही ते सांगायला हवं.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: चिठ्ठीवर लिहिलेला डोस एका ठरावीक दिवसाचा असतो, ठरावीक जेवणाचा आणि ठरावीक हालचालीचा. तो दिवस बदलला की डोसही बदलावा लागतो, आणि तो कसा बदलायचा हे ज्याच्या अंगात सुई जाते त्याला कळलं पाहिजे.

असं का, ते समजायला आधी निरोगी शरीर काय करतं ते बघू. माणूस झपाझप चालू लागला की थोड्याच वेळात त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं आणि शुगर चढवणारं ग्लुकागॉन वाढवतं. यकृत साठवणीतलं ग्लायकोजेन मोडून ग्लुकोज रक्तात सोडू लागतं. स्नायू जेवढं उचलतात तेवढं यकृत भरून देतं, म्हणून तासभर पळूनही निरोगी माणसाची शुगर फारशी हलत नाही. हे सारं त्याच्या नकळत चाललेलं असतं.

टोचलेल्या इन्सुलिनला ही जाण नसते. सकाळी ८ वाजता त्वचेखाली गेलेली ८ युनिटं साडेनऊला भरात असतात, मग माणूस खुर्चीत बसलेला असो की टेकडी चढत असो. ती परत काढून घेता येत नाहीत. उलट अंग तापलं, रक्ताभिसरण वाढलं की ती आणखी लवकर रक्तात उतरतात. त्यात स्नायूंची स्वतःची सोयही आहे. रक्तातलं ग्लुकोज पेशीत घेणारं ग्लुट-४ नावाचं प्रथिन इन्सुलिनमुळे पेशीच्या पृष्ठभागावर येतं, आणि स्नायू आकुंचन पावले की इन्सुलिनच्या मदतीशिवायही येतं. व्यायामाच्या वेळी दोन्ही परिणाम एकावर एक चढतात. तिसरी गोष्ट यकृताची. रक्तात इन्सुलिन भरपूर असेल तर यकृत आपली साठवण सोडत नाही. खर्च दुप्पट आणि भरणा बंद, अशी अवस्था होते आणि शुगर घसरते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अंगात इन्सुलिन फारच कमी असताना, म्हणजे डोस चुकला असताना किंवा आजारपणात, जोराचा व्यायाम केला तर शुगर उतरत नाही, चढते. स्नायूंना ग्लुकोज मिळत नाही, यकृत ओतत राहतं, चरबी जळू लागते आणि कीटोन्स साठतात. ‘शुगर वाढली आहे ना, मग पळून ये’ हा घरगुती सल्ला टाइप १ च्या माणसाला थेट अतिदक्षता विभागात पोचवू शकतो.

हे शहाणपण आजचं नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिपने तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी मुलगा सावरला. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक बँटिंग आणि जॉन मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. बँटिंगने आपल्या वाट्याची रक्कम चार्ल्स बेस्टबरोबर वाटून घेतली, मॅक्लाउडने कॉलिपबरोबर. ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

रॉबिन लॉरेन्स हा लंडनचा तरुण डॉक्टर स्वतः मधुमेही होता. जगण्याची आशा संपल्यासारखी झाल्यावर तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला होता. १९२३ मध्ये लंडनहून इन्सुलिन मिळाल्याची खबर आली, तो कसाबसा परतला आणि वाचला. याच लॉरेन्सने १९२६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम कसा वाढतो यावर शोधनिबंध लिहिला. इन्सुलिन हाती येऊन चारच वर्षं झाली होती. बॉस्टनचे एलियट जॉस्लिन सांगत की आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे एकाच रथाचे तीन घोडे आहेत. एकाचा वेग बदलला की उरलेल्या दोघांचे लगाम हातात घ्यावे लागतात. १९१८ मध्ये त्यांनी मधुमेहावर जी पुस्तिका काढली ती डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून वापरायची म्हणून. रुग्णाला शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांनी इतक्या लवकर ओळखलं होतं.

आपल्या परंपरेतही याचा एक धागा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रुग्णाला कष्टाचा व्यायाम सांगितला आहे. जवळ पैसा नसलेल्याने शंभर योजनं पायी चालावं, विहीर खणावी, इथपर्यंत. पण त्याच ठिकाणी कृश रुग्णाला जपायलाही सांगितलं आहे. एकच उपाय सर्वांना सारखा लागू पडत नाही, हे त्या वैद्यांना दिसलं होतं. टाइप १ चं सडपातळ मूल आणि टाइप २ चा पन्नाशीतला गृहस्थ यांना आपण आज एकाच सुरात ‘व्यायाम करा’ म्हणतो, तेव्हा ही नजर सुटलेली असते.

आता इन्सुलिनच्या घड्याळाकडे वळू. या पुस्तकातलं पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही वेगवान इन्सुलिनं १०-२० मिनिटांत कामाला लागतात, तास-दोन तासांत भरात येतात आणि ३ ते ५ तासांत ओसरतात. सरकारी रुग्णालयांत मिळणारं साधं ‘रेग्युलर’ इन्सुलिन अर्ध्या तासाने सुरू होतं, २ ते ४ तासांत भरात येतं आणि ६ ते ८ तास रेंगाळतं. सकाळी घेतलेलं, दुधाळ दिसणारं एनपीएच दुपारभर काम करतं. ग्लार्जिन साधारण दिवसभर संथ चालतं, डेग्लुडेक त्याहून जास्त. आपल्याकडे मोठ्या संख्येने लोक ३०/७० चं मिश्रण घेतात. त्यात थोडं जलद आणि बरंचसं दुधाळ इन्सुलिन एकाच बाटलीत असतं. दिवसातून दोनच सुया लागतात, खर्च कमी येतो, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण सकाळी टोचलेल्या मिश्रणाचा दुपारचा भाग तेव्हाच ठरून गेलेला असतो. त्याची वेळ जेवणाने पाळावी लागते, आणि कष्टानेही.

एक उदाहरण जवळून बघू. खुरपणीला जाणारी बाई सकाळी ८ ला मिश्रणाची सुई घेते, चहा आणि अर्धी भाकरी खाते आणि रानात जाते. १० ते १ ती उकिडवी बसून सरीमागून सरी खुरपत जाते. घरी असती तर हेच इन्सुलिन तिला दुपारपर्यंत नीट पुरलं असतं. इथे साडेअकराच्या सुमारास जलद भाग अजून संपलेला नसतो, दुधाळ भाग चढू लागलेला असतो, आणि पोटातली अर्धी भाकरी केव्हाच खर्ची पडलेली असते. तिला घाम फुटतो, पण उन्हात सगळ्यांनाच घाम आलेला असतो. हात थरथरतात, ते तिला थकव्याचं वाटतं. चिडचिड होते, नजर धूसर होते, तरी सरी संपवूनच उठायचं म्हणून ती रेटते. असं दोन-तीनदा झालं की ती दवाखान्यात सांगत नाही, सकाळची सुईच टाळू लागते. तीन महिन्यांनी तपासणीत शुगर भलतीच वाढलेली निघते आणि पुढचा डॉक्टर डोस आणखी वाढवतो.

तिला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. खुरपणीच्या दिवसांसाठी सकाळचा डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांनी वेगळं लिहून देणं. निघताना अर्ध्याऐवजी पूर्ण भाकरी आणि उसळ. ११ च्या सुमारास, त्रास होण्याची वाट न पाहता, काहीतरी खाणं. पदराच्या गाठीला गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी. आणि सोबतच्या एका तरी बाईला हे ठाऊक असणं. व्यायामाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर ट्रॅकसूट येतो. पण या राज्यात इन्सुलिन घेणाऱ्या असंख्य माणसांचा व्यायाम खुरप्याने, टोपलीने, धुण्याच्या दगडावर आणि लोकलच्या जिन्यांवर होतो. शरीर कष्ट आणि व्यायाम वेगळे मोजत नाही.

दुसरं उदाहरण अकरावीतल्या मुलाचं, टाइप १ असलेल्या, चार सुया घेणाऱ्या. साडेपाचला कबड्डीचा सराव आहे. साडेचारला तो दोन पोळ्या आणि भाजी खातो. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे दोन पोळ्यांची ४०. त्याचा नेहमीचा हिशेब १० ग्रॅमला १ युनिट असा आहे. घरी बसायचं असतं तर त्याने ४ युनिटं घेतली असती. तासाभराने मैदानात उतरायचं आहे म्हणून तो २ च घेतो, आणि मांडीऐवजी पोटावर घेतो, कारण पळताना मांडीतलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं. सव्वापाचला शुगर १४२. ही सुरुवात करण्याजोगी आहे. मध्यंतरात बघतो तर १०४. आकडा वाईट नाही, पण दिशा खालची आहे. तो १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतो आणि पुन्हा उतरतो. घरी आल्यावर १३०.

इथे बहुतेक घरांत विषय संपतो. खरं तर अर्धाच संपलेला असतो. सरावात रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातून ग्लुकोज ओढून आपली साठवण भरत असतात. इन्सुलिनला शरीर जास्त चटकन प्रतिसाद देतं, आणि हा परिणाम २४ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. संध्याकाळच्या खेळाची घसरण म्हणूनच पहाटे दोन-तीनला येऊ शकते. मुलगा रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन थोडं कमी घेतो. अशा दिवशी रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन साधारण पाचव्या हिश्शाने कमी करायचं, असं त्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं आहे. झोपताना शुगर बघतो, गरज वाटली तर इन्सुलिनशिवाय कपभर दूध आणि दोन बिस्किटं घेतो. नवा खेळ सुरू केला तेव्हा आईने काही रात्री गजर लावून तीनला शुगर तपासली. नमुना कळल्यावर गजराची गरज उरली नाही. आज तो शाळेच्या संघात आहे.

या उदाहरणातले आकडे हवेतून आलेले नाहीत. टोरोंटोच्याच यॉर्क विद्यापीठातले मायकल रिडेल आणि अनेक देशांतले तज्ज्ञ यांनी २०१७ मध्ये टाइप १ आणि व्यायाम यांवर एकमताने मार्गदर्शन तयार केलं. चालणं, पोहणं, सायकल अशा सलग व्यायामापूर्वी शुगर साधारण १२६ ते १८० असावी. ९० ते १२४ असेल तर आधी १० ग्रॅम ग्लुकोज घ्यावं. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम घेऊन शुगर वर येईपर्यंत थांबावं. २७० च्या वर असेल तर कीटोन्स तपासल्याशिवाय उतरू नये, आणि कीटोन्स वाढलेले असतील तर व्यायाम करूच नये. गेल्या २४ तासांत दुसऱ्याची मदत घ्यावी लागली अशी घसरण झाली असेल तर त्या दिवशी विश्रांती. व्यायामाआधीच्या जेवणाचं इन्सुलिन जोर आणि वेळ पाहून एक चतुर्थांशापासून तीन चतुर्थांशापर्यंत कमी करावं लागू शकतं. हे सुरुवातीचे आकडे आहेत. प्रत्येकाचा आकडा त्याच्या वहीतून निघतो.

सगळे व्यायाम शुगर उतरवतात असंही नाही. शंभर मीटरची धाव, वजनं उचलणं, अटीतटीचा सामना यांत अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि शुगर तात्पुरती वर जाते. नवखा माणूस ती पाहून लगेच पूर्ण डोस टोचतो आणि दोन तासांनी खाली कोसळतो. थोडं थांबावं आणि डोस जपून घ्यावा, हे शिकण्याची गोष्ट आहे. जोर-बैठका आणि धावणं दोन्ही करायचं असेल तर जोर-बैठका आधी केल्याने पुढची घसरण कमी होते, असंही दिसून आलं आहे.

स्नायूंच्या व्यायामाबद्दल आपण भारतीयांनी वेगळा विचार करायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली ठेवण याज्ञिकांनी जगापुढे मांडली. जेवणानंतरचं ग्लुकोज मुख्यतः स्नायूंत जाऊन बसतं. ज्याच्याकडे स्नायू कमी, त्याची शुगर त्याच भातावर जास्त चढते. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हा आपल्याकडे उपचाराचाच भाग मानायला हवा. त्याने पुढे इन्सुलिन कमी लागतं, आणि तेव्हाही डोस पुन्हा ठरवावा लागतो.

ताटाचा हिशेब अनेकांना सगळ्यांत अवघड वाटतो. तो अवघड वाटतो कारण छापील तक्त्यांत ब्रेडचे तुकडे आणि कॉर्नफ्लेक्स असतात. आपल्या स्वयंपाकघरात मोजमाप सोपं आहे, फक्त एकदा वजनकाटा घेऊन बसावं लागतं. ज्वारीच्या मध्यम भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं. भाकरी चांगली, पण ती मोजायची नाही असं नाही. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला २८ च्या आसपास. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं येतात, त्यात बटाटा वेगळा. एकादशीला ‘आज उपास आहे’ म्हणून इन्सुलिन बंद ठेवून खिचडी खाणारे आणि निर्जळी उपास करून पूर्ण डोस घेणारे, दोघांनाही संध्याकाळी त्रास होतो. कारणं उलट असतात. पुरणपोळीवर तूप, खिचडीत दाण्याचं कूट असलं की शुगर उशिरा आणि लांबवर चढते. इन्सुलिन भरात आणि अन्न अजून पोटात, अशा वेळी शतपावलीला निघालं तर आधी घसरण आणि मग चढण असं दोन्ही बघायला मिळतं. वेगवान इन्सुलिन जेवणाआधी १५-२० मिनिटं आणि रेग्युलर अर्धा तास घ्यावं, हे वेळापत्रक साधंच आहे, पण पाळलं तर बराच गोंधळ आपोआप कमी होतो.

शुगर ७० च्या खाली गेली की ती घसरण. ५४ च्या खाली गेली तर मेंदूचं काम अडू लागतं. अशा वेळी ३ चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यायची, बसून राहायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा घ्यायचं. पेढा, बर्फी, चॉकलेट अशा वेळी कामाचे नाहीत, त्यातली चरबी साखरेला उशीर लावते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावं, ग्लुकागॉनचं इंजेक्शन जवळ असेल तर द्यावं आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावं. वारंवार घसरण होणाऱ्यांना पुढे घाम, थरथर ही लक्षणंच जाणवेनाशी होतात. म्हणून ‘मला कळतं माझी शुगर कधी कमी होते’ या भरवशावर राहू नये, मोजावं. दंडावर सेन्सर लावणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि व्यायामाच्या वेळी रक्ताच्या मागे राहतो. आकड्याइतकंच बाणाच्या दिशेकडे बघावं, आणि शंका आली तर बोटाला टोचून खात्री करावी.

काही गोष्टी बारीक वाटतात, पण त्यांनी मोठे अपघात होतात. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलीलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनातलं १०० चं. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असतं, १०० च्या सिरिंजला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं तर अडीचपट डोस जातो. एकाच जागी टोचत राहिलं तर तिथे गाठ होते, त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त उतरतं आणि सगळे हिशेब फसतात. न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. चंद्रपूरच्या किंवा परभणीच्या मे महिन्यात फ्रिज नसेल, वीज नसेल, तर ओल्या मडक्यात ठेवलेलं इन्सुलिन बाहेरच्यापेक्षा कितीतरी चांगलं टिकतं. ट्रेकला निघालेल्याने इन्सुलिन पिशवीच्या वरच्या कप्प्यात उन्हात ठेवू नये, आणि साखर तळाशी ठेवू नये.

आळंदीहून पंढरपूरला जाणारी पायी वारी सुमारे अडीचशे किलोमीटरची असते. इन्सुलिन घेणारे वारकरीही ती चालतात. रोज अनेक तास चाल, ठिकठिकाणी प्रसाद, कधी भूक तर कधी लाडूचा आग्रह, भिजलेले पाय. अशा माणसाने ‘वारी करू का?’ असं विचारलं तर या पुस्तकाचं उत्तर ‘हो, पण तयारीने’ असं आहे. पहिल्या दिवसापासून डोस कमी, मुक्कामावर रोज तपासणी, रोज रात्री तळपाय बघणं, आणि दिंडीतल्या दोघांना आजार माहीत असणं. पायांची जाणीव कमी झालेल्यांनी, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झालेल्यांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्यासाठी काही व्यायाम खरोखर वर्ज्य असतात.

इन्सुलिन घेऊन काय करता येतं याचे दाखले कमी नाहीत. वसीम अक्रमला कारकीर्द भरात असताना मधुमेह झाला, तो इन्सुलिनवर गेला, आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल याला १९९९ मध्ये टाइप १ झाल्याचं कळलं. सन २००० मध्ये सिडनीला आणि २००४ मध्ये अथेन्सला त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्यांच्याकडे तज्ज्ञांची फौज होती हे खरं. पण त्या फौजेने त्यांना शिकवलेलं मूळ गणित याच पानांत आहे: किती खाल्लं, किती टोचलं, किती हललो, आणि आकडा कुठे चालला आहे.

हे गणित सामान्य माणसाला जमतं, हेही सिद्ध झालेलं आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या डॉक्टरांनी रुग्णांना पाच दिवस बसवून जेवणानुसार डोस ठरवायला शिकवलं. ब्रिटनने तीच पद्धत उचलली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती शिकलेल्यांची साखर सुधारली, गंभीर घसरणी वाढल्या नाहीत, आणि हवं ते खाण्याची मोकळीक मिळाल्याने जगणं सुखाचं झालं. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला पाच दिवस देणं आज आपल्या व्यवस्थेला जमत नसेल. पण पाच भेटींत दहा-दहा मिनिटं देणं जमू शकतं. ते काम डॉक्टरांनीच करायला हवं असंही नाही. प्रशिक्षित परिचारिका, आहारतज्ज्ञ, आशाताई हे उत्तम करू शकतात.

हे पुस्तक डॉक्टरची जागा घेत नाही. यातला कोणताही आकडा वाचून उद्या सकाळी स्वतःचा डोस बदलू नका. आधी महिनाभर वही लिहा: वेळ, शुगर, काय खाल्लं, किती युनिट, कोणतं काम किंवा व्यायाम, किती वेळ. ती वही घेऊन दवाखान्यात जा आणि एकच प्रश्न विचारा: ‘उद्या मी तासभर चालणार असेन, तर सुई किती घेऊ आणि काय खाऊन निघू?’ उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. गर्दीत राहून गेलं तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. या प्रश्नाचं उत्तर मिळणं हा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ते देणं आम्हा डॉक्टरांचं कर्तव्य.